‘रेडी’चा दिवा लागेना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आमची पेट्रोल-हायब्रिड गाडी चार वर्षांची आहे. आम्ही दोघे निवृत्त असल्याने तिचा वापर बेताचाच आहे. आठवड्यातून एक-दोनदा मंडई, बँक आणि दवाखाना. दिवाळीनंतर पंचवीस दिवस आम्ही मुलीकडे बेंगळुरूला गेलो होतो. परत आल्यावर रिमोटने दार उघडेना. रिमोटमधली छोटी धातूची चावी काढून दार उघडले आणि ब्रेक दाबून बटण दाबले, तर डॅशबोर्डवरचे दिवे मंद लागले, आतून टकटक असा आवाज आला, मग इशाऱ्याचे सात-आठ दिवे एकदम उजळले आणि हायब्रिड यंत्रणा तपासून घ्यावी असा संदेश पडद्यावर आला. गाडी निघायला तयार असल्याचे सांगणारा ‘रेडी’चा दिवा मात्र लागला नाही. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जम्पर केबल लावताच गाडी चालू झाली. अर्धा तास फिरवून आणल्यावर शेजाऱ्यांनी मीटर लावला, त्यात साडेबारा व्होल्ट आले आणि बॅटरी चांगली आहे असे ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार झाला. एका गॅरेजमध्ये गाडीला स्कॅनर जोडला, त्यात बिघाडाचे बरेच कोड आले, आणि मोठी हायब्रिड बॅटरी संपत आली आहे असे सांगून ती बदलण्याचा लाखाच्या वरचा अंदाज आमच्या हाती दिला गेला. गाडीला दोन वर्षांपूर्वी डॅशकॅमही बसवलेला आहे. मोठी बॅटरी खरोखरच गेली असेल का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपण कळवलेल्या लक्षणांवरून मोठ्या बॅटरीवर बोट ठेवावे असे मला कोठेच दिसत नाही, उलट ती धडधाकट असल्याचा पुरावा आपल्याच पत्रात आहे. जम्पर केबल लावताच गाडी चालू झाली, असे आपण लिहिले आहे. त्या केबलमधून शेजाऱ्यांच्या गाडीची वीज केवळ बारा व्होल्टच्या लहान बॅटरीकडे आली. मोठ्या बॅटरीला तिच्यातून काहीही मिळालेले नाही. म्हणजे पंचवीस दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन त्या दिवशी फिरवले ते मोठ्या बॅटरीनेच, स्वतःच्या साठ्यावर. लाखाचा अंदाज मान्य करण्यापूर्वी लहान बॅटरीची नीट तपासणी व्हायलाच हवी, आणि तिला लागणारा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो.

आपल्या गाडीसारख्या, म्हणजे ज्यांना स्ट्राँग हायब्रिड म्हणतात अशा गाड्यांमध्ये दोन बॅटऱ्या असतात. मोठी बॅटरी साधारण दीडशे ते अडीचशे व्होल्टची असते, आणि इंजिन सुरू करणारी विजेची मोटर तिच्यावर चालते. नेहमीच्या गाडीतला ‘सेल्फ’ येथे नसतोच. लहान बॅटरी बारा व्होल्टची, शिसे आणि आम्लाची, नेहमीच्या जातीची असते, आणि तिचे काम दाराची कुलुपे, दिवे आणि गाडीतले सगळे संगणक जागे करणे एवढेच आहे. परंतु त्या कामात एक कळीचा भाग आहे. गाडी बंद असताना मोठी बॅटरी सुरक्षिततेसाठी जाड रिलेंच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांच्या, साहाय्याने बाकीच्या गाडीपासून पूर्णपणे तोडून ठेवलेली असते, आणि ते रिले जोडण्याचे काम लहान बॅटरीच्या विजेवर होते. लहान बॅटरीत तेवढा दम उरला नाही, तर मोठ्या बॅटरीत कितीही वीज साठलेली असली तरी ती बाहेर येऊ शकत नाही. आपण ऐकलेली टकटक ही बहुधा रिले जोडण्याचा प्रयत्न करून पुन्हा सुटत असल्याची होती.

साध्या पेट्रोल किंवा डिझेल गाडीत बॅटरी थकू लागली की ती आधी सांगते. थंडीत सकाळी सेल्फ मारला की इंजिन जडपणे फिरते, घरघर लांबते आणि जाणता चालक त्याच आठवड्यात बॅटरीवाल्याकडे जातो. सेल्फला एका क्षणात शंभर-दोनशे अँपियर लागत असल्याने बॅटरीची रोजच परीक्षा होते. हायब्रिडमधल्या लहान बॅटरीला असे ओझे कधीच उचलावे लागत नाही, त्यामुळे ती निम्म्याहून अधिक खचलेली असली तरी गाडी कुरकूर न करता चालू होत राहते, आणि मग एखाद्या सकाळी, बहुधा गाडी काही दिवस उभी राहिल्यानंतर, काहीच होत नाही. आपल्याकडे स्ट्राँग हायब्रिड गाड्या 2022 पासून मोठ्या संख्येने रस्त्यावर आल्या, आणि आपल्या उष्ण हवेत शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षांचे असते. त्यामुळे अशी पत्रे आता माझ्याकडे वारंवार येऊ लागली आहेत. (माइल्ड हायब्रिड, म्हणजे विजेची मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते अशा, म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांमध्ये मात्र सेल्फ असतो आणि थंड इंजिन त्यावरच सुरू होते. त्या वाचकांनी जुनी घरघर ऐकण्याची सवय सोडू नये.)

आता त्या कोडांविषयी. गाडीत अनेक संगणक असतात आणि प्रत्येकाला ठरावीक किमान व्होल्ट लागतात. लहान बॅटरीचा दाब घसरला की त्यांपैकी काही अर्धवट जागे होतात, काही एकमेकांशी बोलू शकत नाहीत, आणि मग ज्याला उत्तर मिळत नाही तो आपापली तक्रार नोंदवून ठेवतो. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग आणि हायब्रिड यंत्रणा यांचे दिवे एकाच वेळी लागतात ते यामुळे. अशा स्थितीत स्कॅनरवर दिसलेले कोड हा निकाल मानता येत नाही. लहान बॅटरी पूर्ण चार्ज करावी किंवा बदलावी, सगळे कोड पुसावेत, गाडी चार-पाच दिवस नेहमीसारखी चालवावी, आणि त्यानंतर जे कोड परत येतील तेवढ्यांचाच विचार करावा. हा क्रम न पाळता मोठी बॅटरी बदलायला सांगणे मला अजिबात मान्य नाही, कारण त्यात ग्राहकाचे लाखभर रुपये जातात आणि मूळ दोष गाडीत तसाच राहू शकतो.

शेजाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण त्यांची मोजण्याची वेळ चुकली. नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीच्या प्लेटांवर वरवरचा भार साठलेला असतो आणि काही तास तो मीटरला फसवतो. खरे तर अर्ध्या तासाच्या फेरीनंतर लगेच मोजूनही साडेबाराच व्होल्ट येत असतील, तर हा आकडा चिंतेचा आहे. निरोगी बॅटरी त्या क्षणी तेराच्या आसपास किंवा वर दिसायला हवी होती.

मोजणी अशी करावी. रात्री गाडी बंद करून चावी घरात, गाडीपासून लांब ठेवावी. चावी जवळ असली की काही गाड्यांचे संगणक तिची चाहूल लागून जागे होतात. किमान सहा ते आठ तासांनी, शक्यतो सकाळी, मोजावे. बॉनेट उघडण्यासाठी दार उघडावे लागले, तर दार बंद करून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, म्हणजे जागे झालेले संगणक पुन्हा झोपतील. बॅटरी डिकीत किंवा मागच्या सीटखाली असलेल्या बऱ्याच गाड्यांत बॉनेटखालच्या फ्यूजच्या डब्यात लाल झाकणाचे एक टर्मिनल दिलेले असते. लाल वायर तेथे आणि काळी वायर इंजिनजवळच्या रंग नसलेल्या धातूच्या बोल्टवर धरली तरी चालते. मीटर डीसी व्होल्टच्या 20 च्या खुणेवर ठेवावा. मीटरमधली स्वतःची बॅटरी उतरलेली असेल तर तो आकडा फुगवून दाखवतो, हेही लक्षात असू द्यावे.

12.6 ते 12.8 व्होल्ट आले तर बॅटरी भरलेली आहे. 12.4 म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, 12.2 म्हणजे साधारण निम्मी आणि 12.0 म्हणजे जेमतेम पाव भाग वीज शिल्लक आहे. एका व्होल्टहूनही कमी अंतरात भरलेली आणि रिकामी बॅटरी येते, म्हणून ‘बारा आले, म्हणजे बारा व्होल्टची बॅटरी ठीक’ असे मानणाऱ्यांची फसगत होते. बॅटरीत सहा खण असतात आणि प्रत्येक खण सुमारे 2.1 व्होल्ट देतो. रात्रभर चार्जिंगला लावूनही आकडा साडेदहाच्या आसपासच अडकत असेल, तर एक खण निकामी झाला आहे असे समजावे आणि त्या बॅटरीवर आणखी वेळ घालवू नये.

स्थिर आकडा चांगला आला तरी तेवढ्यावर थांबू नये, कारण म्हाताऱ्या बॅटरीचा दाब भरलेला दिसतो आणि साठा मात्र आटलेला असतो. विहिरीची पातळी वर दिसावी आणि दोन बादल्या उपसताच तळ लागावा, तसे हे आहे. त्यासाठी ब्रेकवर पाय न ठेवता बटण दोनदा दाबावे. डॅशबोर्ड उजळेल पण ‘रेडी’ येणार नाही, म्हणजे गाडी पूर्णपणे लहान बॅटरीवर असेल. आता हेडलाइट आणि पंखा लावून मीटरकडे दोन मिनिटे पाहावे. चांगली बॅटरी बाराच्या जवळपास टिकून राहते. आकडा पाहता पाहता साडेअकराच्या खाली घसरला तर बॅटरी थकली आहे. बॅटरीच्या दुकानात बॅटरीची वीज देण्याची ताकद तपासणारा कंडक्टन्स टेस्टर असतो, त्यावरही एकदा तपासून घ्यावे, परंतु बॅटरी आधी चार्ज केलेली असावी. उतरलेल्या बॅटरीला ते यंत्रही नाहक नापास करते.

यानंतर ब्रेक दाबून गाडी ‘रेडी’ करावी आणि पुन्हा मोजावे. हायब्रिडमध्ये नेहमीचा अल्टरनेटर, ज्याला आपले मेकॅनिक अजूनही डायनामो म्हणतात, तो नसतो; मोठ्या बॅटरीचा उच्च दाब उतरवून लहान बॅटरीला चार्ज करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर असतो. तो चालू असला की मीटरवर बहुतेक वेळा साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसतात. आकडा बारावरच रेंगाळला, तर दोष बॅटरीत नसून कन्व्हर्टरमध्ये, त्याच्या फ्यूजमध्ये किंवा मधल्या वायरीत आहे, आणि नवी बॅटरी आणली तरी तीही चार दिवसांत उतरेल. टर्मिनलवर पांढरी-निळी पूड जमली आहे का आणि क्लॅम्प हाताने हलतो का, हे तर सर्वांत आधी पाहावे. अनेकदा दुखणे एवढेच असते.

येथे एक सवय सांगणे मला आवश्यक वाटते. हा कन्व्हर्टर गाडी ‘रेडी’ असतानाच चार्जिंग करतो. ब्रेक न दाबता बटण दाबून गाणी ऐकत बसणे, किंवा कोणाची वाट पाहताना तसाच पंखा चालू ठेवणे, हे सगळे लहान बॅटरीच्या जिवावर होते, आणि इंजिन एरवीही बंदच राहत असल्याने नव्या हायब्रिड चालकाला तो फरक जाणवत नाही. बसायचेच असेल तर गाडी ‘रेडी’ करून ‘पी’मध्ये ठेवावी. मात्र बंद गॅरेजमध्ये असे कधीही करू नये. इंजिन मधूनच आपोआप सुरू होते आणि कार्बन मोनॉक्साइड कोंडतो.

राहता राहिला डॅशकॅम, आणि माझा मुख्य संशय त्याच्यावरच आहे. गाडी झोपलेली असतानाही कुलूप, रिमोटचा रिसीव्हर आणि अलार्म मिळून सुमारे 20 ते 50 मिलीअँपियर वीज घेत राहतात. सरासरी 30 धरली तर दिवसाला 0.72 आणि पंचवीस दिवसांत 18 अँपियर-तास होतात (बॅटरीतला साठा याच मापात मोजतात). 45 अँपियर-तासांची नवी बॅटरी हे सोसते. चार वर्षे वापरलेल्या आणि आठवड्यातून दोनच छोट्या फेऱ्यांमुळे कधीही पूर्ण न भरलेल्या बॅटरीत एवढा साठा उरलेला नसतो. त्यात पार्किंग मोडवर, म्हणजे गाडी बंद असतानाही चालू राहील असा, जोडलेला डॅशकॅम 300 मिलीअँपियर घेत असेल तर दिवसाला आणखी 7 अँपियर-तास जातात, आणि नवी बॅटरीही आठवड्याच्या आत रिकामी होते. आपली गाडी जम्पर लावल्यानंतर तिसऱ्याच दिवशी पुन्हा थांबली, ते या हिशेबात तंतोतंत बसते.

यासाठी जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून झोपेतला प्रवाह मोजून घ्यावा. डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर बॅटरीच्या वायरीभोवती लावून, दारे बंद करून, चावी दूर ठेवून अर्धा तास थांबायचे आणि मग आकडा वाचायचा. तो 50 मिलीअँपियरच्या बराच वर राहिला, तर डॅशकॅमचा फ्यूज काढून पुन्हा पाहायचे. घाईने पहिल्या पाच मिनिटांत वाचलेला आकडा निरुपयोगी असतो, कारण तोवर संगणक जागेच असतात. डॅशकॅमच्या जोडणीत कमी व्होल्टला बंद होण्याची सोय असेल तर ती 12.2 किंवा त्याहून वर ठेवावी, 11.8 वर ठेवली तर वीज तोडली जाईपर्यंत बॅटरी जवळजवळ संपलेली असते.

बॅटरी बदलावीच लागली, आणि चार वर्षांनंतर दोन वेळा पूर्ण उतरलेल्या बॅटरीच्या बाबतीत मी बदलण्याच्याच बाजूचा आहे, तर मूळच्याच जातीची घ्यावी. प्रवासी बसतात त्या भागात किंवा डिकीत बसणारी बॅटरी बहुधा एजीएम प्रकारची, म्हणजे आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून ठेवलेली, असते आणि तिच्यातून निघणारा वायू बाहेर नेणारी बारीक नळी जोडलेली असते. तेथे स्वस्त मिळते म्हणून साधी पाण्याची बॅटरी बसवणे धोक्याचे आहे, आणि नळी जोडायचे विसरणेही तसेच. ही बॅटरी काही हजारांत येते.

मोठ्या बॅटरीवर संशय घ्यायचा तो लहान बॅटरी निर्दोष ठरल्यावरच. इंजिन वारंवार सुरू होणे, चार्जची पातळी काही मिनिटांत वरखाली होणे, मायलेज स्पष्टपणे घटणे, मोठ्या बॅटरीला थंड ठेवणारा मागच्या बाजूचा पंखा सतत जोरात फिरणे, आणि कोड पुसल्यावरही पी-झिरो-ए-एट-झिरो यासारखा मोठ्या बॅटरीचा कोड परत येणे, ही तिची लक्षणे आहेत. आपल्या पत्रात यांपैकी एकही नाही. तरीही तसे निघाले तर वॉरंटीची पुस्तिका आधी उघडावी, कारण मोठ्या बॅटरीची मुदत बाकी गाडीपेक्षा बहुधा बरीच लांब असते. नारिंगी आवरणाच्या जाड वायरींना मात्र आपण किंवा शेजाऱ्यांनी कोणत्याही कारणाने हात लावू नये.

प्रश्न : माझ्या हायब्रिडवरून जम्पर लावून मित्राची डिझेल गाडी चालू करून द्यावी का? आणि माझी बंद पडली तर धक्का मारून चालू होईल का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मित्राच्या डिझेल इंजिनाचा सेल्फ क्षणभरात जेवढा प्रवाह ओढतो, तेवढ्यासाठी आपल्या गाडीची लहान बॅटरी, तिचे फ्यूज आणि कन्व्हर्टर बनवलेले नसतात. आपली गाडी दुसऱ्या गाडीवरून चालू करून घेण्यास मात्र हरकत नाही, कारण आपल्याला फारच थोडी वीज लागते. खिशात मावणारा जम्प स्टार्टरही पुरतो. लाल केबल आधी आपल्या बॉनेटखालच्या टर्मिनलला आणि मग मदतीच्या गाडीच्या बॅटरीला, काळी तिच्या ऋण टोकाला आणि शेवटचे टोक आपल्या गाडीच्या रंग नसलेल्या धातूच्या बोल्टला लावावे. काढताना उलट क्रम ठेवावा. टोके उलटसुलट झाली तर फ्यूजच नव्हे, महागडे भागही जळतात. ट्रक किंवा बसवरून कधीही जोडू नये, कारण त्यांची यंत्रणा बहुधा 24 व्होल्टची असते. धक्का मारून हायब्रिड चालू होत नाही. तेथे पायाने दाबायचा क्लच नाही, आणि संगणक झोपलेले असताना चाके फिरवून काहीही साधत नाही.

प्रश्न : आम्ही सहा महिने मुलाकडे अमेरिकेत जाणार आहोत. बॅटरीची वायर काढून ठेवली तर चालेल ना? — एक वाचक, मडगाव

उत्तर : लहान बॅटरीपुरते चालेल, पण एवढ्याने भागणार नाही. ऋण टोकाची वायर काढल्यास झोपेतला खर्च थांबतो. बॅटरी डिकीत असेल आणि डिकी विजेच्या बटणाने उघडत असेल, तर वायर काढून झाकण लावण्यापूर्वी आतून उघडण्याचा मार्ग पुस्तिकेत पाहून ठेवावा, आणि चावी चुकूनही आत राहू देऊ नये. खरी अडचण मोठ्या बॅटरीची आहे. ती तोडलेली असली तरी स्वतःहून हळूहळू उतरते, निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची अधिक, लिथियमची कमी, आणि फारच खाली गेली तर इंजिन फिरवण्यापुरतीही वीज तिच्यात उरत नाही. घरच्या चार्जरने तिला चार्ज करता येत नाही. म्हणून विश्वासातल्या कोणाकडे चावी देऊन दीड-दोन महिन्यांतून एकदा वायर जोडायला, गाडी ‘रेडी’ करायला आणि अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवायला सांगावे. तेवढ्या फेरीत लहान बॅटरी पूर्ण भरत नाही, कारण शिसे-आम्लाची बॅटरी शेवटचा भाग फार सावकाश घेते. पार्किंगमध्ये विजेचा प्लग असेल तर एजीएमची सोय असलेला चार-पाच अँपियरचा स्वयंचलित चार्जर जाण्याच्या आदल्या रात्री आणि परतल्यावर पुन्हा एकदा लावावा.